चाळिशीचा प्रोग्रेसिव्ह चष्मा: शिवणकाम करणाऱ्या बायकांनी या दुकानात जरूर जावं

पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते पुढे येईलच. ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते, की इथे चष्मा विकायच्या आधी तुम्ही काम काय करता आणि ते काम डोळ्यापासून किती लांब धरून करता हे विचारतात, नुसतं विचारत नाहीत तर टेप लावून मोजतात, आणि चाळिशीच्या चष्म्यात सगळं त्यावरच तर असतं. मी डोंबिवलीत घरीच ब्लाउज, ड्रेस, फॉल-बिडिंग करते, वय सत्तेचाळीस, त्यामुळे हा रिव्ह्यू जास्त करून माझ्यासारख्या बायकांसाठी आहे, पण सोनारकाम, मोबाइल रिपेरिंग, अकाउंट्स वगैरे करणाऱ्यांना पण उपयोगी पडेल असं वाटतं.

दुकानात जायच्या आधी मी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते कारण संध्याकाळ झाली की काळ्या कापडावर काळा दोरा दिसेनासा झाला होता आणि सुईत दोरा ओवायला मुलीला हाक मारावी लागायची. डॉक्टरांनी सगळं तपासलं, बाहुली मोठी करायचं औषध घालून आतला पडदा बघितला, डोळ्याचं प्रेशर बघितलं, आणि कागदावर लिहून दिलं प्रेसबायोपिया. एवढंच. गर्दी होती, समजावून सांगायला त्यांना वेळ नव्हता. घरी आल्यावर जाऊबाईंनी तो कागद वाचला आणि त्यांचा चेहराच उतरला, म्हणाल्या अगं हे काय नवीन, ऑपरेशन लागणार का, मोतीबिंदूसारखं काही आहे का. सासूबाईंनी तर देवापुढे दिवा लावला. आता मला माहितीये की ते आपल्या साध्या चाळिशीचंच डॉक्टरी नाव आहे, पण ज्याला माहीत नाही त्याला कागदावरचा असा शब्द बघून धस्स होतं हे खरंय आणि कुणीतरी दोन मिनिटं बसून सांगायला हवं असतं. ते या दुकानातल्या ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणाऱ्या, ताईंनी केलं, म्हणून पहिला स्टार त्यांना.

त्यांनी बिलाच्या मागच्या बाजूला डोळ्याचं चित्र काढून सांगितलं. डोळ्यात पुढे बुबुळाच्या मागे एक छोटं भिंग असतं, त्याच्या भोवती बारीक दोऱ्या असतात आणि त्या दोऱ्या एका गोल स्नायूला जोडलेल्या असतात. लांबचं बघताना स्नायू सैल, दोऱ्या ताणलेल्या, भिंग चपटं. जवळचं बघायला लागलो की स्नायू आवळतो, त्याने दोऱ्या उलट ढिल्या पडतात आणि भिंग आपल्या आपण फुगतं, गोलसर होतं, ताकद वाढते. हे आपोआप होतं, आपल्याला कळतही नाही. याला अकोमोडेशन म्हणतात. लहान मुलं वही अगदी नाकाला लावून लिहितात ना, दहा वर्षांच्या मुलाला सात-आठ सेंटीमीटरवरचं पण स्पष्ट दिसू शकतं. पण हे भिंग जन्मभर वाढत राहतं, कांद्यासारखे थरावर थर चढत जातात, जुने थर आतच दाबले जातात, आणि चाळिशीच्या आसपास ते इतकं कडक होतं की स्नायूने कितीही आवळलं तरी पुरेसं फुगत नाही. म्हणजे डोळा बिघडला नाही, नस खराब झाली नाही, पडदा ठीक आहे, फक्त भिंगाचा लवचिकपणा गेला. साठीपर्यंत तो जवळजवळ संपतोच, म्हणून नंबर दर दोन-चार वर्षांनी थोडा थोडा वाढतो आणि मग थांबतो. हा सगळ्यांना होतो, कुणीच सुटत नाही.

मला हे ऐकून खूप बरं वाटलं कारण आमच्या शेजारच्या काकू सारख्या सांगत होत्या की चष्मा लावू नकोस, एकदा लावला की डोळ्यांना सवय लागते आणि नंबर वाढतो. तर तसं नाहीये. चष्मा लावा नाहीतर नका लावू, भिंग त्याच्या गतीने कडक होणारच. लावला नाही तर फक्त डोकं दुखणार, मान आखडणार आणि कामात चुका होणार. माझ्या दोन ब्लाउजांची काजं उसवायला लागली होती तेव्हा. आणि त्या डोळ्याच्या व्यायामाच्या व्हिडिओंबद्दल पण विचारलं मी, बोट जवळ-लांब करायचे वगैरे, तर ताई म्हणाल्या की त्याने स्नायूला व्यायाम होईल पण अडचण स्नायूची नाहीच आहे, भिंगाची आहे.

आता कागदाबद्दल, कारण हे मला कुणीच आधी सांगितलं नव्हतं आणि प्रत्येकीला कळायला पाहिजे. चष्म्याच्या कागदावर वरती स्फेरिकल, सिलिंड्रिकल, ॲक्सिस असे रकाने असतात, ते लांबच्या नंबरचे. त्याच्या खाली किंवा बाजूला ॲड असं लिहून प्लसमध्ये आकडा असतो. तो ॲड म्हणजेच प्रेसबायोपियाचा नंबर, म्हणजे डोळ्याच्या भिंगाला आता जी ताकद लावता येत नाही ती काचेतून किती भरून काढायची त्याचा आकडा. बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांना सारखा असतो. चाळीस-पंचेचाळीसला एक-सव्वाच्या आसपास सुरू होतो आणि साठीला अडीचपर्यंत जातो. म्हणजे कागदावर प्रेसबायोपिया लिहिलंय का हे शोधत बसायची पण गरज नाही, ॲडचा रकाना भरलेला असला की चाळिशी आहे असं समजायचं.

आणि एक घोळ बऱ्याच लोकांचा होतो, माझ्या भाचीचा पण झाला, तिची दहावी चालू आहे. त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात भिंगांच्या धड्यात निकटदृष्टिता, दूरदृष्टिता आणि वृद्धदृष्टिता असे तीन दोष दिलेत. दूरदृष्टिता आणि वृद्धदृष्टिता दोन्हीला बहिर्वक्र भिंग, म्हणजे प्लसचा चष्मा, म्हणून पोरं दोन्ही एकच समजतात. पण दूरदृष्टितेत बुबुळाचा नाहीतर डोळ्याच्या लांबीचा प्रश्न असतो, ती लहान मुलाला पण असू शकते, आणि प्रेसबायोपिया म्हणजेच वृद्धदृष्टिता ही वयाची गोष्ट. (मला वृद्धदृष्टिता हा शब्द आवडत नाही, चाळिशीतल्या बाईला कोण वृद्ध म्हणतं, पण पुस्तकात तोच आहे त्यामुळे पोरांनी परीक्षेत तोच लिहावा.) ज्यांना आधीच प्लसचा नंबर आहे त्यांना चाळिशीचा त्रास लवकर जाणवतो, कारण चष्मा नसेल तर त्यांच्या डोळ्याची काही ताकद आधीच लांबचं बघण्यात खर्च होत असते. उलट माझ्या मिस्टरांना मायनस दोन आहे, ते पेपर वाचताना चष्मा काढून ठेवतात आणि सगळ्यांना सांगतात की मला चाळिशी लागलीच नाही. ताईंनी त्यांना समजावलं की अहो काका लागलीये, फक्त मायनस दोन असल्यामुळे चष्मा काढला की अर्ध्या मीटरवरचं तुम्हाला फुकटात दिसतं. तेव्हापासून गप्प आहेत.

मग आला मुख्य भाग, मोजमाप. दुसऱ्या एका दुकानात मी आधी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं, मधलं, जवळचं सगळं एकाच काचेतून दाखवणारा चष्मा, केला होता, नाव घेत नाही, तिथे मशीनवर हनुवटी टेकवायला लावली, आकडे छापून आले, हातात जवळचं वाचायचं कार्ड दिलं, छोटी अक्षरं वाचता आली, झालं. तो चष्मा घालून मला पेपर वाचता यायचा पण मशीनवर बसलं की सुई दिसायला मान वर करावी लागायची आणि कटिंग टेबलवर खडूची रेघ धूसर. दोनदा परत गेले तर म्हणाले सवय होईल. नाही झाली. पैसे गेले ते गेलेच.

या दुकानात ताईंनी पहिल्यांदा विचारलं की काम काय. शिवणकाम म्हटल्यावर म्हणाल्या, ताई मशीनवर बसता तशा बसा, सुई कुठे असते हाताने दाखवा. मग टेपने मोजलं, चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर. मग हाताने हुक लावताना, तुरपाई करताना कापड कुठे धरता, तर ते तीस-पस्तीसवर. मग कटिंग टेबल, उभं राहून वाकून, साठ ते सत्तर. आणि गिऱ्हाईक आरशासमोर उभं असतं, फिटिंग बघायचं असतं, ते पाच-सहा फुटांवर. म्हणजे माझ्या एका कामात चार अंतरं आहेत. जवळची तपासणी साधारण चाळीस सेंटीमीटरवर करतात, त्यावर दीडचा ॲड येत होता, पण त्यांनी कार्ड माझ्या हाताने माझ्या अंतरावर धरायला लावलं आणि मग पावणेदोनवर आणलं. दोनपर्यंत पण नेऊन दाखवलं, हातातलं एकदम ठळक दिसलं पण टेबलाच्या अंतरावर धूसर झालं. तेव्हा मला समजलं की जास्त ॲड म्हणजे जास्त चांगला चष्मा असं नसतं. ॲड वाढवला की स्पष्ट दिसण्याचा पट्टा जवळ सरकतो आणि लांबची बाजू हातची जाते. मी सोबत काळं कापड आणि काळा दोरा नेला होता, त्यावर पण बघायला दिलं, कुणी कटकट केली नाही. वाचायचं कार्ड मराठीत होतं हे पण सांगायला हवं, आमच्याबरोबर आलेल्या आजींना इंग्लिश येत नव्हतं आणि त्यांना अजिबात अवघडल्यासारखं झालं नाही.

उजव्या डोळ्याला मला अर्ध्याचा सिलिंडर, म्हणजे उभ्या-आडव्या रेघा सारख्या स्पष्ट न दिसण्याचा नंबर, पण निघाला. तो लोकलच्या डब्यात आणि फुटपाथवर मिळणाऱ्या शे-दीडशेच्या तयार चष्म्यात येत नाही, त्यात दोन्ही डोळ्यांना सारखा प्लस आणि काचांचं मधलं अंतर ठरलेलं. तरीही त्या तयार चष्म्यांना मी नावं ठेवणार नाही. ताई पण म्हणाल्या की दोन्ही डोळे सारखे असतील, सिलिंडर नसेल आणि डॉक्टरांनी डोळे तपासलेले असतील तर वाचण्यापुरता तो चालतो, त्याने डोळे खराब होत नाहीत. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी ती मोठी गोष्ट आहे. मी नंतर वाचलं की आसाममधल्या चहाच्या मळ्यांत चाळिशीच्या पुढच्या ७५१ कामगारांवर एक अभ्यास झाला होता, २०१८ ला लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय मासिकात छापून आला, त्यात ज्यांना जवळचा साधा चष्मा मोफत दिला त्यांची पानं तोडायची उत्पादकता चष्मा न दिलेल्यांपेक्षा जवळपास २२ टक्के जास्त वाढली. पानं तोडायच्या कामात २२ टक्के! मग काज-बटणात, आरीवर्कमध्ये, फॉल लावण्यात किती फरक पडत असेल. जगात २०१५ साली चाळिशीचा त्रास असलेले १८० कोटी लोक होते आणि त्यातल्या ८० कोटींच्या वर लोकांकडे चष्माच नव्हता किंवा पुरेसा नव्हता असा अंदाज आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये घरकामाला येणाऱ्या मावशी तांदूळ निवडताना खडे हाताने चाचपतात, त्यांना मी याच दुकानात घेऊन गेले, साधा सिंगल व्हिजनचा, म्हणजे एकाच नंबरचा, चष्मा, फ्रेमसकट साडेपाचशेत झाला आणि त्यांच्याशी पण तितक्याच आदराने बोलले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

प्रोग्रेसिव्ह म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बायफोकलमध्ये खाली चंद्रकोरीसारखी खिडकी दिसते, वर लांबचं, खाली जवळचं, मधलं काही नाही. तो प्रकार फार जुना आहे, बेंजामिन फ्रँकलिनने १७८५ च्या एका पत्रात आपल्या दुहेरी चष्म्याचं कौतुक लिहून ठेवलंय. प्रोग्रेसिव्हमध्ये रेघ नसते, वरून खाली नंबर हळूहळू वाढत जातो, फ्रान्समधल्या बर्नार मेतनाझ नावाच्या इंजिनिअरने हे बनवलं आणि १९५९ ला बाजारात आलं. मधल्या पट्टीला कॉरिडॉर म्हणतात, माझं टेबल त्या पट्टीत येतं. पण याची किंमत म्हणजे दोन्ही बाजूंना खालच्या कोपऱ्यात थोडं वाकडं, धूसर दिसतं. हे कुठल्याही कंपनीच्या काचेत असतं, महागात कमी, स्वस्तात जास्त, पण शून्य कुणीच करू शकत नाही कारण काचेचा बाक मधे जितक्या भराभर बदलणार तितका बाजूला गोंधळ होणारच. हे विकत घ्यायच्या आधी सांगणारं दुकान मला पहिल्यांदा भेटलं. एरवी सगळे म्हणतात एकदम नॅचरल दिसेल मॅडम.

म्हणूनच या काचेत फिटिंगला इतकं महत्त्व. त्यांनी आधी फ्रेम निवडायला लावली, मी एक बारीक आडवी फ्रेम आवडीने उचलली होती तर म्हणाले ही नको, उंची कमी आहे, जवळचा भाग कापला जाईल, काच उभी निदान अठ्ठावीस-तीस मिलीमीटर तरी पाहिजे. मग फ्रेमच्या दांड्या कानामागे वाकवून, नोजपॅड दाबून ती माझ्या नाकावर नीट बसवली, आणि मग, हे लक्षात ठेवा, फ्रेम बसवल्यानंतर, मला समोर सरळ बघायला लावून डेमो काचेवर पेनाने दोन्ही बाहुल्यांच्या जागी खूण केली. प्रत्येक डोळ्याचं नाकापासूनचं अंतर वेगळं मोजलं. माझं उजवं एकतीस आणि डावं साडेबत्तीस निघालं. दीड मिलीमीटरचा फरक. आधीच्या दुकानात दोन्हीचं मिळून एकच आकडा घेऊन निम्मा केला होता, मग कॉरिडॉर डोळ्यासमोर येणार कसा. शिवणकामात दीड मिलीमीटर इकडेतिकडे झालं तर दिसत नाही पण काचेत दिसतं.

चष्मा तयार झाल्यावर काचेवर कंपनीच्या पिवळ्या-पांढऱ्या खुणा छापलेल्या असतात, त्या त्यांनी मुद्दाम पुसल्या नव्हत्या. मला घालून बसवलं, वरची अधिकच्या चिन्हासारखी (+) खूण बरोबर बाहुलीवर येतेय का बघितलं, मग स्पिरिटने पुसलं. तुम्ही कुठेही प्रोग्रेसिव्ह करा, त्यांना सांगा की खुणा पुसायच्या आधी माझ्या चेहऱ्यावर तपासा. आणि खुणा पुसल्यावर पण काचेत कायमच्या दोन अगदी बारीक कोरीव खुणा राहतात, एकमेकींपासून ३४ मिलीमीटरवर, ट्यूबलाइटसमोर तिरकं धरलं की दिसतात, बाहेरच्या बाजूच्या खुणेखाली ॲडचा आकडा पण कोरलेला असतो. माझ्यात सतरा असं दिसतं, म्हणजे पावणेदोन. पैसे भरून जी काच मागितली तीच आली का हे आपलं आपल्याला बघता येतं. मी घरी येऊन जुन्या चष्म्यावर पण बघितलं, त्यात पंधरा आहे.

सवय व्हायला वेळ लागला पण आधीसारखा त्रास नाही. पहिले काही दिवस जिना उतरताना पायऱ्या वर आल्यासारख्या वाटतात कारण खालच्या भागातून आपण लांबची पायरी बघत असतो, त्यासाठी हनुवटी खाली करून वरच्या भागातून बघायचं. बाजूचं बघताना डोळे न फिरवता मान फिरवायची. हे दोन्ही त्यांनी दुकानाबाहेरच्या पायऱ्यांवर चालवून दाखवलं. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर मी पहिल्या आठवड्यात हात धरूनच उतरले, तुम्ही पण तसंच करा, घाई करू नका. सवय झालीच नाही तर ठरलेल्या मुदतीत काच बदलून देतात किंवा बायफोकल करून देतात, हे बिलावर लिहून घेतलं मी, तुम्ही पण घ्या, तोंडी ठेवू नका.

किंमत. फ्रेम चौदाशे, काचा चार हजार आठशे, मधल्या दर्जाच्या, ॲन्टी-रिफ्लेक्शन कोटिंगसकट. महाग आहे, आमच्यासारख्यांना जाणवतं. पण याच काचेला मॉलमध्ये सात हजारांच्या वर सांगितले होते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, बिलात पाचच लावलाय का तेवढं बघा, इथे बरोबर लावला होता.

आता अर्धा स्टार कापला त्याचं कारण. काउंटरवरचा मुलगा ब्लू कटसाठी, म्हणजे निळा उजेड अडवणाऱ्या काचेसाठी, मागे लागला होता, मोबाइल बघता ना, शिवताना एलईडी असतो ना, मग घ्याच, पाचशे-आठशे जास्त. मी ताईंना विचारलं तर त्या स्पष्ट बोलल्या की चाळिशीशी याचा संबंध नाही, घ्यायचं तर घ्या पण गरज नाही. २०२३ ला कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला होता, १७ चाचण्यांचा, त्यात पण असंच निघालं की साध्या काचेच्या तुलनेत ब्लू कटने स्क्रीनसमोर डोळे थकण्यात, निदान थोड्या काळात तरी, बहुतेक काही फरक पडत नाही. आत एक बोलणार आणि बाहेर दुसरं विकणार हे बरोबर नाही, मालकांनी त्या मुलाला सांगायला हवं. बाकी तपासणीची खोली एकच आहे, शनिवारी संध्याकाळी दीड-दोन तास बसावं लागतं, पाणी ठेवलंय पण बसायला खुर्च्या कमी, म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागतं. चष्म्याची डबी अगदीच पातळ दिली.

मी तिथे बसलेले असताना एक गृहस्थ मोबाइलवर बातमी दाखवत आले होते, थेंब घातले की पंधरा मिनिटांत चाळिशीचा चष्मा जातो म्हणे, ते थेंब द्या. मला ते उत्तर फार आवडलं म्हणून लिहिते. ताईंनी त्यांना एका काळ्या पट्टीला बारीक भोक पाडलेलं होतं त्यातून कार्ड वाचायला दिलं, आणि चष्म्याशिवाय त्यांना बारीक अक्षरं वाचता आली! मग सांगितलं की पिलोकार्पिनचे थेंब हेच करतात, बाहुली बारीक करतात, भोक लहान झालं की जवळचं स्पष्ट होतं, पण भिंग होतं तसंच कडक राहतं आणि काही तासांनी परिणाम उतरतो, शिवाय अंधारात कमी दिसणं, डोकं दुखणं असे त्रास होऊ शकतात. अमेरिकेत असे थेंब २०२१ ला मंजूर झाले, आपल्याकडे मुंबईच्या एका कंपनीला २०२४ ला परवानगी मिळाली होती, पण मंजुरीत नसलेले दावे पसरवल्यामुळे औषध नियंत्रकांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती स्थगित केली. आणि ते डॉक्टरांनी लिहून द्यायचं औषध आहे, चष्म्याच्या दुकानात मागायचं नाही. ते गृहस्थ शांतपणे बसले आणि नंबर काढून गेले. तेव्हा मला हे पण कळलं की सकाळी खिडकीपाशी भर उजेडात मला दोरा का दिसायचा आणि संध्याकाळी का नाही, उजेडात बाहुली आपोआप बारीक होते म्हणून. आता मी मशीनवर डाव्या बाजूने चांगला दिवा लावलाय, चष्म्याइतकाच त्याचा उपयोग झाला.

आणखी एक, ही गोष्ट मी प्रत्येकीला सांगते. हे दुकान नवीन गिऱ्हाइकाला विचारतं की डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आलात का, साखर आहे का. माझ्यासमोर एका ताईंना परत पाठवलं, त्यांचा नंबर थोड्या दिवसांत एकदम बदलला होता, म्हणाले आधी साखर तपासा, साखर वरखाली असली की नंबर पण हलतो, आज केलेला चष्मा महिन्याभराने जुळणार नाही. हातातलं गिऱ्हाईक सोडलं. चाळिशी हळूहळू येते आणि दोन्ही डोळ्यांना बरोबर येते. एकाच डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, रेघा वाकड्या दिसल्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, डोळा दुखला, तर ती चाळिशी नव्हे, तिथे चष्म्याच्या दुकानात वेळ घालवू नका, सरळ डॉक्टर गाठा. काचबिंदू तर बहुतेक वेळा दुखत पण नाही आणि चाळिशीनंतरच जास्त दिसतो, त्यामुळे नंबर काढायच्या निमित्ताने डोळ्याचं प्रेशर आणि नस एकदा बघून घेतलेली बरी.

एका चष्म्यात सगळं होईल अशी अपेक्षा ठेवून मात्र जाऊ नका. सलग दोन-तीन तास फॉल-बिडिंग करायचं असेल तर प्रोग्रेसिव्हचा खालचा भाग अरुंद पडतो, साडीची किनार अख्खी नजरेत येत नाही. ताईंनी ते स्वतःहून सांगितलं आणि माझ्या तीस-पस्तीसच्या अंतराचा वेगळा साधा चष्मा जुन्या फ्रेममध्ये बसवून दिला, काचांचे चारशे घेतले. मशीन, कटिंग आणि गिऱ्हाईक यासाठी प्रोग्रेसिव्ह, हातशिलाईसाठी तो. दिवाळीच्या सीझनला ब्लाउजांची रांग लागली होती तेव्हा रात्री दहापर्यंत बसले तरी डोकं दुखलं नाही. काजं पुन्हा सरळ यायला लागली. आमच्या महिला मंडळातल्या चार-पाच जणी जाऊन आल्या, एक सोडून सगळ्या खूश आहेत, तिला प्रोग्रेसिव्ह जमला नाही म्हणून बायफोकल करून दिला, फरकाचे पैसे परत दिले.

जाताना जुना चष्मा, डॉक्टरांचा कागद आणि आपल्या कामातली एखादी बारीक वस्तू बरोबर न्या, सुई-दोरा, सोल्डरिंगचं काही, वही, जे असेल ते. मंगळवार ते गुरुवार सकाळी अकराच्या सुमाराला गर्दी नसते, आधी फोन करून ऑप्टोमेट्रिस्ट ताई आहेत का विचारून जा, त्या रोज नसतात आणि त्या नसताना मशीनवरचाच नंबर काढतात. सोमवारी दुकान बंद असतं.